चाखणाऱ्यांत आठवा

सकाळी दोन पिशव्या उघडल्या.
एकीत आमच्या डोंगरातलं, काळं, बुटकं,
जिवंत असताना कपाळावर पांढरा ठिपका होता.
दुसरीत फार्मवरचं, लांब पाठीचं, गुलाबी कानांचं.
आता दोन्ही नुसते कमरेजवळचे तुकडे:
एक बिटाच्या फोडीसारखा,
एक खोडरबरासारखा.

चोवीस तास टांगून ठेवलं की मांसाला पाणी सुटतं.
ते मोजायचं, हे माझं काम.
फार्मवाल्याला पाच टक्के, गावठीला दोन.
(तोंडाला सुटलेलं पाणी मोजायला
प्रयोगशाळेत काही नाही.)
मग यंत्राचं पातं दोन्हींतून गेलं.
गावठी चिवट निघालं. तसंच लिहिलं.
ऐझॉलच्या चढणीवर जन्म काढणाऱ्याचे स्नायू
लोण्याचे कसे असतील?

चाखायला आठ माणसं लागतात.
खोलीत लाल दिवा, म्हणजे रंग चुगली करत नाही.
मीठ नाही, मसाला नाही, मध्ये एकेक घोट कोमट पाणी.
हिशेब खात्यातली मॉल्सॉमी आलीच नाही,
म्हणून गेटवरच्या पू रोथुआमांना बोलावलं.
ते टोपी गुडघ्यावर ठेवून बसले,
परीक्षेला बसल्यासारखे.

पहिला तुकडा त्यांनी गिळला.
दुसरा बराच वेळ चावत राहिले, डोळे मिटून.
"हे चाललेलं आहे," म्हणाले.
"केळीचा खांब खाल्लाय यानं. आणि अळू,
घसा खवखवणार नाही इतकं शिजवलेलं.
कुणीतरी पहाटे उठत होतं याच्यासाठी."

एक ते आठमधला आकडा लिहा, मी म्हटलं.
"कुणाच्या घरचं?"
सांगता येत नाही. तीनशे सतरा नंबर.
"नंबरानं अळू शिजवलं?"
त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

मग, कुणी विचारलं नसताना, बोलले
ज्या वर्षी डुकरांमध्ये ताप आला त्याबद्दल.
चार होती. त्यातली एक आठवड्यावर व्यायला आलेली.
खड्डा त्यांनीच खणला, सरकारी माणूस फक्त उभा होता.
वरून चुना टाकला.
"चुना लांबून चरबीसारखाच दिसतो," एवढं म्हणाले
आणि पाणी प्याले.

जाताना दारात अडखळले:
त्या काळ्याची चरबी उरली असेल तर...
वाळक्या भोपळ्यात भरून चुलीशेजारी ठेवली
की तीन दिवसांत सा-उम होतं.
"पांढऱ्याची आंबत नाही, बाई. नुसती कुजते."

नमुना बाहेर जात नाही. उरलेलं भट्टीत जातं.
नियम मला पाठ आहेत.

आणि हेही सांगायला हवं
की माझी फी पांढऱ्या डुकरांनी भरली.
भावाच्या गोठ्यात सोळा आहेत,
सात महिन्यांत क्विंटलभर होतात, कुरकुर न करता.
गावठी वर्षभरात पन्नास किलो भरतं,
तेही त्याच्या मनात आलं तर.
चवीवर कॉलेज होत नाही.
सा-उमवर भाऊही जीव टाकतो,
पण तो ते बाजारातून विकत आणतो.

संध्याकाळी तक्ता केला.
रंग, ओलावा, चिवटपणा, चरबीच्या रेषा.
आठवा कागद कोरा होता,
तेव्हा सरासरी सातांची काढली.
नोंदवहीत लिहिलं: चरबी, दोनशे ग्रॅम, नष्ट.
खाली सही, तारीख, वेळ.

चौथ्या दिवशी गेटजवळ वास आला,
नाक मुरडावं असा
आणि पाय तिथेच थांबावेत असा.
पू रोथुआमांनी न बोलता
बाकावरची टोपी उचलून जागा केली.
मी माझ्या डब्यातला भात काढला.